आधी सबब, मग हेल्मेट

नवी दुचाकी विकताना भारतीय मानकानुसार बनवलेले हेल्मेट ग्राहकाला द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच म्हटलेले आहे, त्यामुळे गाडी असलेल्या बहुतेक घरांत एखादे तरी हेल्मेट असतेच. तरीही सकाळी कामावर जाण्याच्या वेळी नाशिकच्या द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर कोपरात अडकवलेली, आरशावर लटकवलेली आणि मागे बसलेल्याच्या मांडीवर विसावलेली हेल्मेट दिसतात. म्हणून नवे हेल्मेट घ्यायला निघालेल्याने दुकानदाराला ‘चांगले कोणते?’ असे विचारण्याआधी ‘घरात आहे ते मी का घालत नाही?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे कागदावर लिहून काढावे. योग्य प्रकार निवडण्यासाठी याहून उपयोगी माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

उत्तरे साधारणपणे ठरलेली असतात. उकडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस विस्कटतात, मान अवघडते, पावसात काचेवर वाफ धरते, गाडी लावल्यावर ते ठेवायचे कुठे, आणि ‘इथे कोपऱ्यापर्यंत तर जायचे आहे’. यांतल्या बहुतेक तक्रारींत तथ्य असते, आणि प्रत्येक तक्रार हातातल्या हेल्मेटचा एखादा नेमका दोष दाखवते. माप चुकलेले असते, प्रकार चुकलेला असतो किंवा काच चुकलेली असते. शेवटची सबब तेवढी टिकत नाही, म्हणून तिचा निकाल आधी लावलेला बरा.

कोपऱ्यापर्यंतचा प्रवास

गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. गाडी जागच्या जागी उभी असताना तो आडवा झाला आणि डोके आधी जमिनीला लागले, तरी त्या उंचीवरून पडताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास जातो, हे शाळेत शिकलेल्या गणितानेही काढता येते. गाडी हळू चालली होती म्हणून हा आकडा कमी होत नाही. गल्लीतला खड्डा, वाळूचा पसरलेला ढीग, अचानक आडवा आलेला कुत्रा किंवा उभ्या मोटारीचे उघडलेले दार या सगळ्या गोष्टी कोपऱ्यापर्यंतच्या रस्त्यावरच भेटतात, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खणलेल्या रस्त्यांमुळे सध्या त्या जरा जास्तच भेटतात.

अशा वेळी हेल्मेट नेमके काय करते, हे समजून घेतले की पुढची निवड सोपी होते. बाहेरचे कडक कवच आघात मोठ्या भागावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. पण खरे काम त्याच्या आतला थर्माकोलचा जाड थर करतो. तो चेपला जातो, त्यामुळे डोके एकदम न थांबता काही मिलिसेकंद अधिक घेऊन थांबते, आणि मेंदूला बसणारा हिसका तेवढ्याने पुष्कळ कमी होतो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणजे तो एका मोठ्या आघातापुरताच असतो. सर्वांत आतली मऊ गादी केवळ सोयीसाठी असते. दुकानात बोटाने दाबून ‘किती मऊ आहे’ असे जिचे कौतुक होते, ती हीच, आणि सुरक्षिततेशी तिचा संबंध माप नीट बसण्यापुरताच असतो.

या साधनाचा इतिहासही डॉक्टरांच्या टेबलावरून सुरू होतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून मेंदूच्या दुखापतीने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने निष्कर्ष मांडले. अलीकडचा आधार हवा असेल, तर अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे आढळले आहे.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२९ चालवणाऱ्याइतकेच डबल सीट बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि कलम १९४-ड नुसार एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांसाठी परवाना जाऊ शकतो. नाशिककरांना याचा चांगला अनुभव आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम राबवली, तेव्हा पेट्रोल मिळण्यापुरते कोणाचे तरी हेल्मेट डोक्यावर ठेवण्याची युक्ती लोकांनी लगेच शोधून काढली. मोहिमेचा हेतू चांगला होता, पण पोलिसांसाठी घेतलेले हेल्मेट पोलीस दिसेपर्यंतच कोपरात राहते. पावती टाळण्यासाठी जो खरेदीला निघतो, तो रस्त्याकडेच्या ढिगातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलके उचलतो. मग ते टोचते, हलते, उकडते आणि ‘हेल्मेट म्हणजे त्रास’ हे मत पक्के होते. हे मत खोडण्यासाठी भाषण देण्यापेक्षा मापाचे हेल्मेट देणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रकार कोणते आणि कोणाला कोणता

बाजारात ‘हाफ’ म्हणून मिळणारी टोपी फक्त टाळू आणि थोडा मागचा भाग झाकते. बांधकामाच्या टोपीसारखी दिसणारी आणि आत थर्माकोलचा थरच नसलेली जी टोपी विकली जाते, ती तर या चर्चेत धरायलाच नको. तिच्यापेक्षा उन्हाची टोपी निदान फसवत तरी नाही.

ओपन-फेस हेल्मेट कान आणि डोक्याचा मागचा भाग झाकते, समोर काच असते, हनुवटी मात्र उघडी राहते. वारा लागतो, बोलता येते, चष्मा चढवता-काढता येतो, आणि नाक-तोंड झाकले की ज्यांचा जीव घाबरतो, त्यांना ते सहन होते. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड एवढ्यातच स्कूटर चालवणारी अनेक वयस्क मंडळी काहीच न घालण्याऐवजी हे रोज घालतात, म्हणून त्याला सरसकट नाव ठेवणे योग्य नाही. मात्र त्याची मर्यादा माहीत असावी. जर्मनीतील हॅनोव्हर येथील अपघात-अभ्यासात हेल्मेटवर झालेल्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश आघात चेहरा आणि हनुवटीच्या पट्ट्यात आढळले होते. माणूस पुढे फेकला जातो तेव्हा तोंड आधी लागते. जबड्याचे हाड, दात आणि त्यांच्यामागून कवटीच्या तळापर्यंत जाणारा धक्का, यांपैकी कशालाही ओपन-फेस अडवत नाही.

फुल-फेस हेल्मेटला हनुवटीसमोर अखंड कडे असते, आणि म्हणूनच ज्याला एकच हेल्मेट घ्यायचे आहे त्याने हेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कवच सलग असल्याने ते मजबूत असते, वाऱ्याचा आवाज कमी येतो, पावसाचे थेंब आणि घाटातल्या ट्रकने उडवलेली खडी तोंडावर येत नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, रात्री दोनला सुटी झाल्यावर रिकाम्या रस्त्याने वेगात घरी निघतो. त्याला तर दुसऱ्या कोणत्या प्रकाराचा विचारही करण्याचे कारण नाही. उकाड्याची तक्रार फुल-फेसवर सर्वांत जास्त होते, तिच्याकडे पुढे येऊ.

फ्लिप-अप, म्हणजे हनुवटीचे कडे काचेसह वर उचलता येणारे हेल्मेट, हा मधला मार्ग आहे. सिग्नलला थांबून कोणाशी बोलायचे असेल, पंपावर पैसे द्यायचे असतील किंवा चष्मा न काढता हेल्मेट चढवायचे असेल, तर याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. बिजागरी आणि खटक्यामुळे ते बहुधा फुल-फेसपेक्षा जड असते, आणि स्वस्त प्रतीत खटका लवकर सैल होतो. कडे वर ठेवून गाडी चालवण्याची सवय अनेकांना लागते, तेव्हा त्यांनी पैसे फुल-फेसचे मोजलेले असतात आणि संरक्षण ओपन-फेसचे मिळते. युरोपीय मानकाची मोहोर असलेल्या हेल्मेटवर याचा खुलासाही असतो. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी ‘पी’ हे अक्षर असेल तर हनुवटीच्या कड्याची संरक्षक म्हणून चाचणी झाली आहे, ‘जे’ असेल तर ते ओपन-फेस म्हणून मान्य झाले आहे, ‘एनपी’ असेल तर कडे आहे पण संरक्षक नाही, आणि फ्लिप-अपवर ‘पी/जे’ असे दोन्ही असेल तर ते दोन्ही स्थितींत तपासलेले आहे.

मोटोक्रॉसचे लांब चोचीचे, काचेऐवजी गॉगल लावण्याचे हेल्मेट दिसायला रुबाबदार असते आणि तरुणांना त्याचा मोह होतो. ते मातीच्या शर्यतीसाठी, कमी वेगात भरपूर हवा मिळावी म्हणून बनवलेले असते. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरला त्याच्या चोचीत वारा भरतो आणि मान मागे ओढली जाते. चोच आणि काच दोन्ही असलेले साहसी प्रवासाचे हेल्मेट त्यातल्या त्यात व्यवहार्य असते, पण वाऱ्याची तक्रार तिथेही थोडी राहतेच.

आपला रस्ता कोणता, हे पाहून प्रकार ठरवावा. पुणे रस्त्याने मोहदरी घाटातून सिन्नरच्या कारखान्यात रोज जाणाऱ्याला आणि कसारा घाटातून मुंबईच्या बाजूला उतरणाऱ्याला फुल-फेसच हवे. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीकडे वारंवार जाणाऱ्याने फुल-फेस घेतानाच काचेची व्यवस्था पाहून घ्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, ओझर, पिंपळगावच्या रस्त्यांवर मालाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री उशिरापर्यंत चालतात. दिवा नसलेल्या ट्रॉलीमागून जाणाऱ्याच्या हेल्मेटची काच स्वच्छ आणि पूर्ण पारदर्शक असणे तिथे रंगसंगतीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. काळी काच सूर्यास्तानंतर वापरूच नये; दिवसा ऊन लागत असेल, तर आत खाली-वर होणारी वेगळी काळी पट्टी असलेले हेल्मेट पाहावे.

माप: खरी निवड इथे होते

प्रकार ठरवण्यात माणसे आठवडा घालवतात आणि माप मात्र दोन मिनिटांत ‘बसतंय’ म्हणून उरकतात. वास्तविक मापाचे साधे हेल्मेट हे मोठ्या पडलेल्या महागड्या हेल्मेटपेक्षा सुरक्षित असते, कारण आघाताच्या क्षणी ते जागेवर असते.

शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण दोन बोटे आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग येईल अशी फिरवावी, आणि येणारे माप सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावे. आपल्याकडच्या हेल्मेटवर ५६०, ५८०, ६०० असे आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. ५८० बहुधा मीडियम आणि ६०० बहुधा लार्ज असते. मीडियम-लार्जचा अर्थ प्रत्येक कंपनीत थोडा बदलतो, म्हणून आकडाच पाहावा. दोन मापांच्या मधले डोके असेल, तर आधी लहान माप घालून पाहावे, कारण गालाच्या गाद्या काही आठवड्यांत दबतात आणि आज नेमके वाटणारे मोठे माप तोवर सैल झालेले असते.

दुकानात हेल्मेट चढवताना पट्ट्याची दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला ओढून धरावीत आणि डोके पुढून मागे सरकवत आत घ्यावे. नव्या हेल्मेटमध्ये गाल किंचित वर ढकलले जातात, बोलताना गालाच्या आतली बाजू दातांना लागते, आणि पहिल्यांदा घालणारा ‘फार घट्ट आहे’ म्हणून लगेच काढू लागतो. तो घट्टपणा योग्य आहे. अयोग्य असते ते एका जागी टोचणे. पट्टा लावून हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे जातील एवढा आवळावा, मग मान स्थिर ठेवून दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवावे. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली जाऊन भुवया हलल्या, तर माप बरोबर आहे. हेल्मेट फिरले आणि कातडी जागेवरच राहिली, तर माप मोठे आहे. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी मागच्या कडेखाली बोटे घालून हेल्मेट पुढे उपटायला सांगावे. पट्टा लावलेला असताना ते डोक्यावरून निघून येत असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ते परत ठेवावे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. हेल्मेट घालून दुकानातच पंधरा-वीस मिनिटे राहावे, दुसरी हेल्मेट पाहावीत, मोबाइलवर बोलावे, काही करावे, पण ते काढू नये. काढल्यावर आरशात कपाळ पाहावे. कपाळाच्या मध्यभागी लालसर ठसा उमटून तिथेच ठणकत असेल, तर डोके लांबट आणि हेल्मेट गोल आहे. कानांच्या वर दोन्ही बाजूंना दाब येत असेल, तर उलट प्रकार आहे. अशा वेळी मोठे माप घेऊन हा दोष जात नाही, फक्त हेल्मेट सैल होते. दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या घडणीचे हेल्मेट शोधणे हाच उपाय असतो. हेल्मेट घातले की डोके दुखते, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या अनेकांची अडचण एवढीच असते. गर्दीच्या दुकानात वीस मिनिटे उभे राहू देत नसतील, तर दुकान बदलावे. ऑनलाइन मागवायचे असेल, तर परत घेण्याची अट वाचूनच मागवावे.

चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासह तपासणी करावी. काड्या सरळ आत जातात का आणि कानामागे दाबल्या जातात का, हे पाहावे. काही हेल्मेटच्या गाद्यांत काड्यांसाठी खाच ठेवलेली असते. लांब केस असणाऱ्यांनी अंबाडा मानेच्या खालच्या बाजूला, हेल्मेटच्या कडेबाहेर बांधावा किंवा सैल वेणी घालावी, कारण डोक्यावर उंच बांधलेला बुचडा हेल्मेटला वर उचलतो आणि सगळे माप फुकट जाते. हीच गोष्ट जाड स्कार्फची आणि कानटोपीची. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो, तेव्हा पहाटे मळ्यात निघालेला माणूस लोकरी माकडटोपीवर हेल्मेट चढवतो आणि पट्टा पुरत नाही म्हणून तो मोकळाच सोडतो. त्याऐवजी पातळ कापडाची, तोंड-मान झाकणारी हेल्मेटखालची टोपी मिळते, ती घ्यावी; उन्हाळ्यात हीच टोपी घाम टिपते आणि धुऊन वाळत घालता येते.

शिक्का आणि किंमत

१ जून २०२१ पासून भारतात दुचाकीचे हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. या चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिकटवलेले चिन्ह पाहून समाधान मानू नये, कारण तसा स्टिकर छापणे कठीण नाही. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये परवाना क्रमांक टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे हे दुकानातच समजते, आणि उत्पादकाचे नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळले नाही, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. युरोपचे ईसीई मानक, त्यातही २२.०६ ही नवी आवृत्ती, तिरक्या आघाताने डोके पिळवटले जाण्याचीही चाचणी घेते, म्हणून महामार्गावर नियमित जाणाऱ्याने आयएसआयबरोबर तीही मोहोर असलेले हेल्मेट परवडत असेल तर घ्यावे.

किमतीचा आणि संरक्षणाचा संबंध एका मर्यादेपर्यंतच असतो. हजार-दीड हजारांत आयएसआय चिन्हाचे फुल-फेस मिळते आणि शहरातल्या वापराला ते चालते. त्यापुढचे पैसे कवचाच्या साहित्याला, वजन कमी करण्याला, चांगल्या काचेला, काढून धुता येणाऱ्या अस्तराला आणि पुष्कळदा नुसत्या चित्रांना जातात. हात राखून खर्च करायचा असेल, तर चित्रांवर वाचवावे, काचेवर वाचवू नये. पट्ट्याच्या बाबतीत दोन कड्यांतून ओवण्याची पद्धत सर्वांत भरवशाची मानली जाते, पण ती रोज ओवण्याचा कंटाळा येणारा माणूस पट्टा मोकळा सोडतो. तसा स्वभाव असेल, तर दातेरी पट्टीचे, एका खटक्यात लागणारे आणि दर वेळी मापात आवळता येणारे बकल घ्यावे.

उरलेल्या सबबी

उकडण्याबाबत खोटे आश्वासन देण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांत सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, सिग्नलला उभे असताना कोणतेही फुल-फेस उकडतेच, कारण हवेची छिद्रे गाडी चालू असतानाच काम करतात. छिद्रांना आत थर्माकोलमध्ये खरोखर वाट काढलेली आहे की बाहेर नुसती प्लॅस्टिकची शोभा आहे, हे अस्तर बाजूला करून पाहावे. पांढरे किंवा फिकट रंगाचे कवच उन्हात कमी तापते आणि रात्री लांबून दिसते. सिग्नलला काच वर करावी, आणि इतकेही पुरेसे होत नसेल, तर फ्लिप-अप घ्यावे.

ऐकू येत नाही, या तक्रारीची तपासणी जुनी आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला; हेल्मेटमुळे ऐकण्यात किंवा पाहण्यात अडचण येऊन अपघात झाले, असे त्यात आढळले नाही. आपल्या शहरात मागचा हॉर्न ऐकू न आल्याची तक्रार कोणी मनापासून करत असेल, हेही जरा नवलच. दोन्ही आरसे जागेवर ठेवले, तर मागचे बरेच काही आधीच कळते.

काचेवर वाफ धरणे ही मात्र गंभीर अडचण आहे, विशेषतः पावसाळ्यात घाटात, जिथे काच उघडली तर पाणी डोळ्यांत जाते आणि मिटली तर समोरचे दिसत नाही. पिनलॉक नावाची एक दुसरी पातळ काच मुख्य काचेच्या आत बसवता येते, दोन्हींच्या मध्ये हवेचा बंद थर राहतो आणि वाफ धरत नाही. तिच्यासाठी काचेवर दोन खुंट्या लागतात, म्हणून हेल्मेट घेतानाच त्या आहेत का हे पाहावे. नाकावर बसणारा श्वास-अडसर आणि काच किंचित उघडी ठेवणारा पहिला टप्पा यांचाही उपयोग होतो.

मान अवघडत असेल, तर वजनाआधी माप तपासावे. सैल हेल्मेट वाऱ्याने उचलले जाते आणि मान ते दिवसभर ओढून धरत असते. ठेवायचे कुठे, या प्रश्नाला डिकीचे माप घेऊन हेल्मेट निवडणे किंवा शंभर-दोनशे रुपयांचे तारेचे कुलूप हे साधे उत्तर आहे.

हात, पाय आणि मागे बसलेले माणूस

जाकीट, हातमोजे आणि बूट यांबाबत आपल्याकडे दोन टोके आहेत. एकीकडे रविवारी सकाळी गंगापूर धरणाकडे किंवा सप्तशृंगी गडाच्या घाटाकडे पूर्ण पोशाखात निघालेले गट दिसतात, आणि दुसरीकडे स्लीपर घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून महामार्गावर निघालेली माणसे दिसतात. पहिल्या गटातलाच तरुण सोमवारी टी-शर्टवर कॉलेजला जातो, कारण गल्लीत जाकीट घातले की ‘काय राव, चंद्रावर निघालात का?’ असे कोणीतरी विचारतोच. या चेष्टेवर माझ्याकडे औषध नाही. दोन-तीन आठवड्यांत विचारणाऱ्यांना कंटाळा येतो, एवढे सांगता येते.

सगळे एकदम घेणे परवडत नसेल, तर हेल्मेटनंतर हातमोजे घ्यावेत. पडताना माणूस नकळत हात पुढे टाकतो, आणि डांबरावर सोललेला तळवा आठवडेच्या आठवडे घास घेऊ देत नाही. तळव्याला जाड कातडी किंवा प्लॅस्टिकची सरकपट्टी असलेले, मनगटाला आवळता येणारे मोजे पाहावेत. त्यानंतर घोटा झाकणारे बूट. कारखान्यात मिळणारे सेफ्टी बूट या कामाला वाईट नाहीत. जाकीट जाळीच्या कापडाचे घेतले, तर नाशिकच्या उन्हाळ्यातही चालत्या गाडीवर सोसते. त्यात खांदा, कोपर आणि पाठीला गाद्या असाव्यात आणि त्यांवर ‘सीई’ या युरोपीय चिन्हाबरोबर ‘ईएन १६२१’ हा मानक क्रमांक असावा. अनेक जाकिटांत पाठीच्या जागी नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो, तो काढून खरी गादी वेगळी घ्यावी लागते.

मागे बसणाऱ्याचा विचार मात्र घरोघरी मागेच राहतो. चालवणाऱ्याच्या डोक्यावर पाच हजारांचे हेल्मेट, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईच्या किंवा पत्नीच्या डोक्यावर केवळ पदर, आणि पुढे टाकीवर बसवलेले मूल, हे चित्र गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत कुठेही दिसते. मागे बसणाऱ्याला पकडायला हँडल नसते आणि ब्रेक लागणार आहे हे आधी कळत नाही, म्हणून त्याला हेल्मेटची गरज कमी नसते. दुसरे हेल्मेट घेताना ‘कोणालाही होईल’ म्हणून मोठे माप घेऊ नये. जो सर्वांत जास्त वेळा मागे बसतो, त्याला दुकानात बरोबर न्यावे. चार वर्षांवरील मुलाला कायद्यानेच हेल्मेट लागते, आणि त्याहून लहान मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट (नऊ महिन्यांवरील मुलाला), चालकाला बांधणारा सुरक्षा-पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा बंधनकारक आहे. मोठ्यांचे हेल्मेट मुलाला घालू नये, कारण ते डोळ्यांवर घसरते आणि त्याचे वजन कोवळ्या मानेवर येते.

निगा आणि निरोप

अस्तर निघत असेल, तर ते सौम्य शाम्पूच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. कवच आणि काच पुसायला पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल कधीही वापरू नये, कारण ही द्रव्ये प्लॅस्टिक आतून कमकुवत करतात आणि बाहेरून काही दिसत नाही. गॅरेजमधून कवचावर रंग मारून घेण्यातही हाच धोका आहे. काचेवर बारीक ओरखडे आले, की समोरच्या गाडीचा प्रकाश त्यांवर फुटतो, तेव्हा काच बदलावी. कंपनीची सुटी काच मिळते, आणि ती मिळते का हे हेल्मेट घेतानाच विचारून ठेवावे. आरशावर हेल्मेट टांगण्याची सवय सोडावी, कारण आरशाचे टोक रोज थर्माकोलच्या त्याच जागी रुतत राहते.

रोजच्या वापराचे हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावे, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. डोक्यावर असताना एकदा जोराचा आपट बसला असेल, तर ते बाहेरून अखंड दिसले तरी त्याच दिवशी निवृत्त करावे, कारण आतला थर कुठे चेपला आहे हे अस्तरामुळे दिसत नाही. असे हेल्मेट गावाकडे चुलतभावाला ‘चालेल तुला’ म्हणून देऊ नये आणि भंगारवाल्यालाही जसेच्या तसे देऊ नये. पट्टा कात्रीने मुळापासून कापून आणि काच काढून मगच टाकावे, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या डोक्यावर जाणार नाही.